वन, वावर आणि आपली समीक्षा

पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरीचे नवरात्र असते. बंगळूरच्या ज्या भागात प्रस्तुत लेखक निवृत्तीनंतर राहतो आहे, त्या भागाला बनशंकरी हे नाव याच देवीवरून मिळाले आहे. कनकपुरा रस्त्यावरच्या तिच्या देवळात मंगळवारी आणि शुक्रवारी, राहुकाळात, अर्ध्या लिंबाच्या सालीत दिवे लावणाऱ्या स्त्रियांची रीघ असते. मूळ पीठ बदामीजवळचे. तेथील आजचे देवालय १७५० साली परशुराम आगळे या मराठा सरदाराने उभारले असे सांगतात, आणि देशावरच्या कितीतरी मराठी घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे. तिची कथा सर्वपरिचित आहे. दीर्घकाळ अवर्षण पडले, पृथ्वीवर अन्न उरले नाही, तेव्हा देवीने स्वतःच्या देहातून शाकभाज्या उपजवल्या आणि पाऊस येईपर्यंत प्राणिमात्राला जगविले. म्हणून ती शाकंभरी. वनात तिचा वास म्हणून ती बनशंकरी. बदामीच्या रथोत्सवाच्या आदल्या दिवशी तिला एकशेआठ भाज्यांचा नैवेद्य दाखवतात.

या कथेचा उल्लेख भक्तिभावाने केलेला नाही, तिच्यातल्या एका गृहीतासाठी केला आहे. लोकमानसाने रानाची देवता वेगळी आणि अन्नाची देवता वेगळी अशी वाटणी केली नाही. दुष्काळात अन्न कोठून येते, या प्रश्नाचे तिने दिलेले उत्तर ‘रानातून’ असे आहे. आपण सुशिक्षितांनी मात्र ही वाटणी इतकी पक्की करून टाकली आहे की, वन म्हटले की आपल्याला सौंदर्य आठवते आणि वावर म्हटले की कर्ज. एक सहलीचा विषय, दुसरा सहानुभूतीचा. ही वाटणी खोटी आहे, ती घातक आहे आणि ती टिकवून धरण्यात मराठी समीक्षेचाही हातभार आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

‘शाश्वत शेती’ आणि ‘शाश्वत वनव्यवस्था’ या शब्दप्रयोगांना आज शासकीय परिपत्रकांचा वास येतो. त्यांचा अर्थ मात्र साधा आहे. जमीन आणि रान जे पुन्हा भरून काढू शकतील, तेवढेच आणि तशाच रीतीने त्यांच्याकडून घ्यावे. आणि ते किती व कसे घ्यायचे हे ठरविताना तेथे राबणाऱ्या माणसाचा शब्द मोलाचा असावा. यातला पहिला भाग पर्यावरणाचा आहे, दुसरा समाजाचा. दुसऱ्यावाचून पहिला टिकत नाही. हे न ओळखल्यामुळेच आपल्याकडे पर्यावरणप्रेमी शेतकऱ्याला रानाचा शत्रू समजतो आणि शेतकऱ्याचा कैवारी पर्यावरणाला श्रीमंतांचा छंद समजतो.

ही भिंत फार जुनी नाही. १८६४ साली वसाहतकालीन सरकारने वनखाते स्थापन केले. १८६५ साली पहिला वनकायदा आला. १८७८च्या कायद्याने राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे वर्ग पाडले. रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवे होते, त्यामुळे राखीव वनांची हद्द वाढत गेली. ग्रामवनाचे कलम बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले. याचा पहिला जाच कोणाला झाला? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या भातशेतकऱ्याला झाला. तेथे भाताचे रोप करायच्या वाफ्यावर झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून ते भाजण्याची रीत होती. तिला राब म्हणतात. राबाला टहाळ हवा, टहाळाला रान हवे. वनखात्याच्या दृष्टीने टहाळ तोडणे ही झाडाची नासधूस होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते शेतीचे पहिलेच काम होते. तंटा इतका वाढला की सरकारला १८८५ साली या दोन जिल्ह्यांतल्या तक्रारींसाठी चौकशी आयोग नेमावा लागला. राब ही पद्धत निर्दोष होती असे कोणी समजू नये. बेसुमार टहाळ तोडल्याने झाडे खुरटतात, आणि जाळलेल्या पाल्यातले बरेचसे सत्त्व धुरावाटे निघून जाते. पण राबाच्या वादात प्रथमच दोन दृष्टी समोरासमोर आल्या. एकीच्या हिशेबात रान म्हणजे उभे लाकूड होते. दुसरीच्या हिशेबात ते शेताचाच वरचा भाग होते.

या दुसऱ्या दृष्टीला मराठीत सर्वात आधी आणि सर्वात स्पष्ट शब्द मिळाले ते महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३च्या ग्रंथात. ब्राह्मणशाहीवरील आणि नोकरशाहीवरील टीकेसाठी आपण हा ग्रंथ वाचतो, शिकवतो. त्यात मातीचे शास्त्र आहे हे आपण किती वेळा शिकवले? डोंगरावरचा कुजलेला पाला, फुले, मेलेले कीटक, जनावरांचे शेणमूत हे सारे पावसाबरोबर वाहत येऊन खालच्या शेतांना आपोआप खत मिळत असे, आणि वनखात्याने गायराने व डोंगर ताब्यात घेतल्याने शेतकऱ्याच्या गुराढोरांचाच नव्हे तर जमिनीचाही घास गेला, असे फुले मांडतात. त्यावरचा त्यांचा उपायही नेमका आहे: रिकाम्या बसलेल्या लष्करी आणि पोलिसी मनुष्यबळाकडून ताली आणि बंधारे बांधवून घ्यावेत, म्हणजे पाणी जागच्या जागी मुरेल आणि माती वाहून जाणार नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविण्याचा जो विचार आज नव्या परिभाषेत सांगितला जातो, त्याचा गाभा या मजकुरात आहे. जमिनीची झीज आणि जातीची पिळवणूक ही एकाच व्यवस्थेची दोन कामे आहेत, हे फुल्यांना दिसत होते. त्यांच्यानंतरच्या समीक्षकांना मात्र एका वेळी यांपैकी एकच दिसत राहिले.

आता आपल्या घरात डोकावू. गेली शंभर वर्षे मराठी समीक्षेने ‘निसर्ग’ या नावाचा एक कप्पा केला. त्यात बालकवी आले, दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आले, पुढे मारुती चितमपल्लींचे अरण्यलेखन आले. दुसरा कप्पा ‘ग्रामीण’ या नावाचा. त्यात शेतकरी, दुष्काळ, सावकार, बैल. तिसरा ‘आदिवासी’ या नावाचा, आणि तोही फार उशिरा. पहिल्या कप्प्यासाठी आपण संवेदना, प्रतिमा, चिंतनशीलता हे शब्द राखून ठेवले, दुसऱ्यासाठी वास्तव, बोली, दारिद्र्य, तिसऱ्यासाठी विद्रोह. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन या वर्गवारीहून ही वर्गवारी फारशी वेगळी नाही. दोन्हींचा परिणाम एकच झाला. रानातला माणूस रानापासून आणि शेतातले झाड शेतापासून तोडले गेले.

एक उदाहरण पुरे. आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) ही कादंबरी ग्रामीण कादंबरी म्हणून मान्यता पावली. मळ्यात ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात आणि नारबा या गड्याचे जगच उखडले जाते. तिच्या बोलीविषयी आपण पुष्कळ लिहिले, तिच्या दुःखाविषयीही लिहिले. पण मळ्यातून जनावर गेले म्हणजे शेणखत गेले, शेणखत गेले म्हणजे मातीतला जीव गेला, आणि त्याच वेळी ज्याला जमीन नाही अशा गड्याची तिथली जागाही गेली, ही साखळी त्या कादंबरीत उघड दिसत असताना तिच्याकडे पर्यावरणाची कादंबरी म्हणून किती समीक्षकांनी पाहिले? नारबा निसर्गाचे ‘वर्णन’ करीत नाही म्हणून त्याचे जग आपल्या लेखी निसर्ग ठरले नाही.

या दोषातून प्रस्तुत लेखक सुटलेला नाही, आणि तसे सांगितल्यावाचून पुढे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका विद्यापीठात एक विद्यार्थिनी माझ्या मार्गदर्शनाखाली मराठी कादंबरीतील निसर्गचित्रणावर प्रबंध लिहीत होती. ती डोंगराळ तालुक्यातून आलेली होती. तिने पाचवे प्रकरण गायरान, सरपण आणि वनहक्क यांवर लिहिले. कादंबऱ्यांतल्या बायका रानात जातात त्या कशासाठी, किती लांब जातात, गार्डाला काय देऊन परत येतात, असे प्रसंग तिने एकेक करून गोळा केले होते. मी ते प्रकरण गाळायला लावले. ‘हे समाजशास्त्र झाले, साहित्य नव्हे’ असा शेरा मी समासात लिहिला होता. तो मला अजून शब्दशः आठवतो. तिने वाद घातला नाही. प्रकरण गेले, पदवी मिळाली. तिने जे पाहिले होते ते मी पाहायला नकार दिला, आणि त्या नकाराला मी वाङ्मयीन निकष हे नाव दिले.

शेजारच्या भाषेत असे सर्वस्वी घडले नाही, हे या शहरात आल्यावर मला उमगले. शिवराम कारंतांच्या ‘बेट्टद जीव’ (१९४३) या कादंबरीत घाटातल्या रानाशी झुंजत आणि त्याच्याशीच नाते जोडत शेती उभी करणारा वृद्ध आहे. पूर्णचंद्र तेजस्वी (१९३८–२००७) मूडिगेरेला राहून स्वतः कॉफीची शेती करीत होते. त्यांच्या ‘कर्वालो’ (१९८०) या कादंबरीत एका उडत्या सरड्याच्या शोधात शास्त्रज्ञ, शेतकरी आणि रानात वाढलेला एक खेडूत एकत्र निघतात, आणि रानाचे खरे ज्ञान कोणाजवळ आहे हे वाचकाला कळत जाते. ही निसर्गकादंबरी की ग्रामीण कादंबरी, हा प्रश्नच तेथे अप्रस्तुत वाटतो. कन्नड साहित्यव्यवहार निर्दोष आहे असे नव्हे. पण लेखक शेतकरीही असू शकतो आणि शेतकरी निसर्गाचा अभ्यासकही असू शकतो, ही शक्यता त्या व्यवहाराने आपल्यापेक्षा अधिक मोकळेपणाने स्वीकारली.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, साहित्यातले कप्पे पाडले काय आणि न पाडले काय, शेताला आणि रानाला त्याचे काय? पण धोरणेही शब्दांनीच आखली जातात. ‘वनीकरण’ या शब्दाचेच पाहा. १९८०च्या दशकात कर्नाटकात जागतिक बँकेच्या साहाय्याने सामाजिक वनीकरण झाले आणि कोरडवाहू वावरांत निलगिरी उभी राहिली. कागदोपत्री झाडे वाढली. निलगिरीखाली ज्वारी-नाचणी येत नाही, गुरे तिचा पाला खात नाहीत. नाचणीच्या पेरणी-कापणीत मिळणारी मजुरी गेली आणि ओल खोल गेली. १९८३ साली तुमकूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सरकारी रोपवाटिकेत शिरून निलगिरीची रोपे उपटली आणि तेथे चिंच व आंबा लावला. हा विध्वंस आहे अशी ओरड झाली. वस्तुतः ती एका शब्दाची समीक्षा होती. वन म्हणजे झाडांची संख्या नव्हे, तर जेथे पाणी, पाला, चारा, फळ आणि मजुरी यांचे नाते आहे ते, एवढेच त्यांना म्हणायचे होते. राज्य सरकारला निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घालण्याची सुबुद्धी २०१७ साली झाली. मधली चौतीस वर्षे कोणाच्या खाती मांडायची?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रसायने आणि सुधारित बियाणे यांच्यावाचून एवढ्या लोकसंख्येला जेवू कोण घालणार? हा प्रश्न हसून उडविण्याचा नाही. १९७२च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. रेशनवर मिळालेल्या परदेशी तांबड्या मिलोच्या भाकरी आम्ही खाल्ल्या आहेत. दुष्काळी कामावर सुकडीसाठी लागलेल्या रांगा पाहिल्या आहेत. धान्याचे उत्पादन वाढले याचे मोल मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. तसेच, एका रात्रीत रसायने बंद करण्याचा अविचार काय करतो हेही आपण पाहिले आहे. श्रीलंकेच्या सरकारने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती मागे घ्यावी लागली. माती ही फतव्याने बदलत नाही. जिची सवय पन्नास वर्षांत बिघडली, तिला सावरायला काही हंगाम द्यावे लागतात, आणि त्या हंगामांतला तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

पण या कबुलीनंतरही प्रश्न उरतोच. उत्पादनाचा हिशेब करताना आपण खर्चाच्या बाजूला काय मांडतो? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. एकरी किती क्विंटल कापूस झाला हे सांगणाऱ्या कोणत्या रकान्यात ते मृत्यू येतात? मजुराचे फुप्फुस, विहिरीचे पाणी, मधमाशी आणि मातीतला सेंद्रिय अंश हे सारे फुकट धरले, तर कोणतीही शेती कार्यक्षम ठरेल. शाश्वत शेतीचा पहिला लाभ हा की ती हा हिशेब पुरा मांडते.

आणि ती काही गूढविद्या नव्हे. या शहराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, कनकपुरा-मागडीच्या बाजूस आजही काही शेतकरी नाचणीत ठरावीक अंतरावर तूर, पावटा, मोहरी, कारळे यांच्या ओळी घालतात. कन्नडमध्ये या पेऱ्याला ‘अक्कडी सालु’ म्हणतात. आपल्याकडे ज्वारी-बाजरीत तूर, मूग, मटकी घालण्याची रीत याच कुळातली. यामागचे शास्त्र स्पष्ट आहे. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत बांधतात. उथळ आणि खोल मुळे वेगवेगळ्या थरांतली ओल वापरतात. एकाच पिकावर वाढणारी कीड मिश्र पिकात तेवढी फैलावत नाही. आणि पाऊस दगा देऊन एक पीक गेले तरी दुसरे घरात येते. हा शेवटचा लाभ सामाजिक आहे. ज्याच्या शेतात पाच पिके आहेत, त्याला एका पिकाच्या भावासाठी व्यापाऱ्यापुढे एकदम गुडघे टेकावे लागत नाहीत. शिवाय घरातल्या बाईच्या हाती डाळ, तेलबिया आणि भाजी राहते. सारे वावर एकाच नगदी पिकाखाली गेले की तेवढ्यासाठीही तिला नवऱ्याकडे पैसे मागावे लागतात. दोड्डबळ्ळापुरजवळ शेती करणारे एल. नारायण रेड्डी यांनी फुकुओकांपासून प्रेरणा घेऊन कित्येक दशके रसायनांवाचून शेती केली आणि शेतातच झाडे वाढविली. २०१९ साली ते वारले तोपर्यंत त्यांचे शेत ही शेतकऱ्यांची एक पाठशाळा झाली होती.

वनाच्या बाजूने पाहिले तर दोन उदाहरणे डोळ्यांसमोर येतात. १९५६पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या कारवार जिल्ह्यात सुपारीच्या बागायतदारांना बागेच्या एका एकरामागे नऊ एकरांपर्यंत डोंगराळ वनजमीन पाल्यासाठी वापरण्याची सवलत होती. तिला ‘सोप्पिन बेट्टा’, पाल्याचे रान, म्हणतात. मालकी सरकारची, पाला बागेचा. काही कुटुंबांनी हे रान ओरबाडून उघडेबोडके केले. काहींनी ते इतके सांभाळले की आज ते दाट उभे आहे. दोघांनाही एकच कायदा लागू होता. फरक पडला तो पुढच्या पिढीचा विचार करण्याच्या सवयीने. दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाचे. वनहक्क कायदा २००६ साली झाला, आणि २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही स्वतःच्या रानातला बांबू विकण्याचा वाहतूक परवाना गावाच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले, कारण बांबू हे गवत की झाड, या प्रश्नात खाते अडकून पडले होते. १९२७च्या वनकायद्याने बांबूला झाडात धरले होते. २००६च्या कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले होते. एका शब्दाची वर्गवारी चुकली की एका गावाची भाकरी अडते, याहून मोठा पुरावा भाषेच्या अभ्यासकाला काय हवा?

मेंढ्याची गोष्ट केवळ हक्कापाशी संपत नाही. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी हक्कपत्र येण्याच्या कितीतरी आधी अभ्यासगट चालविला, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याचा नियम केला, गावात दारूबंदी केली, पाणी अडविले आणि मधमाशा न मारता मध काढण्याची पद्धत स्वीकारली. आधी सभा झाली आणि मग रान सांभाळले गेले. जेथे माणसे एकत्र बसून ठरवू शकत नाहीत, तेथे कोट्यवधी रोपांची लागवड झाली तरी खड्डे मोजले जातात, झाडे नाही.

येथे परंपरेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. देवरायांचे कौतुक आज सर्वत्र चालते, आणि ते यथार्थही आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा जो अभ्यास मांडला, त्यामुळे भोवतालचे डोंगर उघडे पडल्यावरही या लहान तुकड्यांत मूळचे अरण्य कसे टिकून राहिले हे जगापुढे आले. पण देवराई हे केवळ श्रद्धेचे फळ नव्हते. ते भयाचे आणि मज्जावाचेही फळ होते. अनेक ठिकाणी स्त्रियांना, काही ठिकाणी विशिष्ट जातींना तेथे प्रवेश नव्हता. ‘पूर्वी सारे शाश्वतच होते’ असे म्हणणारा वर्ग या भागाकडे डोळेझाक करतो, आणि फुल्यांचे नाव घेण्याचा हक्क गमावतो. आपल्याला देवराईतली झाडे हवी आहेत, तिचा मज्जाव नको आहे. देवाचे भय जेथे होते तेथे ग्रामसभेची जबाबदारी येणे, हा मेंढ्याने दाखविलेला मार्ग मला म्हणूनच अधिक मोलाचा वाटतो.

शहरात राहणाऱ्या वाचकाला वाटेल, याचा आपल्याशी संबंध काय? बनशंकरीतल्या माझ्या नळाला येणारे पाणी कावेरीचे आहे. ते सुमारे शंभर किलोमीटरांवरून, जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून आणले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शहरातल्या हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या होत्या. कावेरीचा उगम कोडगूतला. तेथे डोंगरउतारावरची कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते आणि गावोगाव ‘देवरकाडू’, म्हणजे देवराया, आहेत. ती सावलीची झाडे तोडून उघड्यावरची लागवड वाढली, उतार खणले गेले, तर पावसाचे पाणी मुरणार नाही, वाहून जाईल, आणि त्याची झळ येथल्या चौथ्या मजल्यावर पोहोचेल. कोडगूच्या शेतकऱ्याने झाड ठेवावे अशी आपली अपेक्षा असते. त्या झाडाच्या मोबदल्यात आपण त्याला काय देतो, याचा विचार पाणीपट्टी भरताना आपल्या मनात येत नाही.

बनशंकरीच्या सहाव्या टप्प्याला लागून तुरहळ्ळीचे रान आहे. खुरट्या झाडोऱ्याचे, खडकाळ. कवीला प्रथमदर्शनी मोह पडावा असे त्यात काही नाही. २०२१च्या आरंभी तेथे ‘वृक्षोद्यान’ करण्याचा बेत वनखात्याने पुढे आणला. बांधीव वाटा, बसण्याच्या जागा, पर्यटकांची सोय. आसपासचे नागरिक रस्त्यावर आले आणि बेत सोडून द्यावा लागला. त्यांची मागणी विलक्षण साधी होती: रान आहे तसे राहू द्या. मला त्या आंदोलनाचा आनंद झाला, आणि एक शंकाही आली. रान ‘आहे तसे’ ठेवा म्हणताना, त्या रानात पूर्वी शेळ्या चारणारे, सरपण वेचणारे आसपासच्या जुन्या खेड्यांतले लोक आपल्या चित्रात आहेत का? की उद्यानाऐवजी आपल्याला फक्त सकाळच्या फेरीसाठी अधिक निर्मळ जागा हवी आहे? या प्रश्नाचे उत्तर वनखाते देणार नाही. ते आपल्यालाच, आपल्या शब्दांना तपासून, द्यावे लागेल.

हा लेख ज्या विद्यार्थ्यांच्या हाती पडेल, त्यांच्याकडे माझे मागणे मोठे नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ पुन्हा वाचा, आणि या वेळी त्यातली माती वाचा. ‘गोतावळा’ वाचताना शेणाचा माग काढा. कोणत्याही कादंबरीत बाई सरपणाला निघाली की ती किती कोस चालते ते मोजा. ग्रंथपालांनी ‘निसर्ग’, ‘ग्रामीण’ आणि ‘आदिवासी’ या तीन कपाटांतली काही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. वाचकाची गैरसोय होईल, पण ती उपकारक ठरेल.

तो प्रबंध त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात अजून असेल. चौथ्या प्रकरणानंतर त्यात एकदम उपसंहार येतो. वाचणाऱ्याला तेथे काही गळले आहे असे जाणवणार नाही, कारण पृष्ठांक मी नीट लावून घेतले होते. ते प्रकरण आता कोणी तरी लिहावे. समासात शेरा मारायला मी तेथे नसेन.